‘७/१२’ म्हणजे सातबारा की ७ डिसेंबर? फोनला मराठी आकडे वाचायला शिकवणारं तंत्र नेमकं काय आहे?

‘७/१२ घेऊन या’ आणि ‘७/१२ रोजी या’. ही दोन वाक्यं मराठी माणूस न अडखळता वाचतो. पहिल्यात ‘सातबारा’, दुसऱ्यात ‘सात डिसेंबर’. गणिताच्या वहीत तेच ‘सात छेद बारा’ होतं. कागदावरची अक्षरं तीच, पण तोंडातून निघणारे शब्द वेगळे.

फोनला मात्र हे आपोआप कळत नाही. त्याला ते कुणीतरी शिकवावं लागतं. या शिकवण्यामागे गेली तीस वर्षं एक तंत्र काम करतंय. त्याचं नाव ‘वेटेड फायनाइट-स्टेट मशीन’. नाव अवघड आहे, पण कल्पना एसटीच्या तिकिटाइतकी सोपी आहे. आणि एआयच्या लाटेत हे तंत्र इतिहासजमा होईल असं वाटत असतानाच, पैशांच्या आकड्यांनी त्याची गरज पुन्हा दाखवून दिली आहे.

हे तंत्र काय आहे, ते फुकट देणारी सॉफ्टवेअर कोणती, आणि मराठी बोलणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? समजून घेऊया.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का?

कारण आता फोनशी बोलून पैशांचे व्यवहार करण्याचे दिवस आले आहेत.

मार्च २०२२ मध्ये साध्या, बटणांच्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ सुरू झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा तंत्रज्ञान उपक्रम सुरू केला. सप्टेंबर २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ‘हॅलो यूपीआय’ जाहीर केलं. यात बोलून पैसे पाठवता येतात. सुरुवात हिंदी आणि इंग्रजीपासून झाली आणि इतर प्रादेशिक भाषा पुढे येतील असं सांगण्यात आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मराठी तंत्रज्ञानात कुठे आहे, याची चर्चाही नव्याने सुरू झाली.

या चर्चेत बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: मशीनला मराठी ‘समजते’ का? पण ‘दीडशे रुपये पाठव’ असं म्हणणाऱ्या माणसासाठी प्रश्न वेगळा आहे. १५० जाणार की १००?

एखाद्या शब्दाचा उच्चार चुकला तर ऐकणारा समजून घेतो. रक्कम, औषधाचा डोस, तारीख किंवा खातेक्रमांक चुकला तर समजून घेण्यासारखं काही उरत नाही. ज्याला दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्याच्यासाठी तर फोन जे बोलतो तेच खरं असतं. पडताळून पाहायची सोय नसते.

फायनाइट-स्टेट मशीन म्हणजे काय?

एसटीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. काही थांबे आहेत. एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जायला रस्ते आहेत. सुरुवातीचा थांबा ठरलेला आहे आणि प्रवास कुठे संपू शकतो तेही ठरलेलं आहे.

फायनाइट-स्टेट मशीन म्हणजे असाच एक नकाशा. थांब्यांना ‘स्टेट’ म्हणजे अवस्था म्हणतात. त्यांची संख्या मोजकी असते, म्हणून ‘फायनाइट’. प्रत्येक रस्त्यावर एक अक्षर किंवा शब्द लिहिलेला असतो. समोर आलेला मजकूर एकेक अक्षर वाचत मशीन एका थांब्यावरून दुसऱ्यावर जातं.

आता यात दोन गोष्टी जोडा.

पहिली, देवाणघेवाण. प्रत्येक रस्त्यावर एक गोष्ट घ्यायची आणि तिच्या बदल्यात दुसरी द्यायची. ‘२१’ घेतलं, ‘एकवीस’ दिलं. अशा मशीनला ‘ट्रान्सड्यूसर’ म्हणतात.

दुसरी, भाडं. प्रत्येक रस्त्यावर एक किंमत लिहिलेली असते. तिलाच ‘वेट’ म्हणजे भार म्हणतात. जे घडण्याची शक्यता जास्त, त्याची किंमत कमी. जे क्वचित घडतं, त्याची किंमत जास्त. एकाच मजकुरासाठी अनेक वाटा उपलब्ध असतील, तर मशीन प्रत्येक वाटेवरचं भाडं बेरजेने मोजतं आणि सगळ्यात स्वस्त वाट निवडतं.

‘बेरीज करा आणि सगळ्यात कमी किंमत निवडा’ या पद्धतीला गणितात ‘ट्रॉपिकल सेमिरिंग’ असं नाव आहे. ‘ट्रॉपिकल’ म्हणजे उष्ण कटिबंधातलं. या विषयावर सुरुवातीचं काम करणारे इम्रे सायमन हे ब्राझीलचे गणितज्ञ होते, त्यावरून हे नाव पडलं.

‘७/१२’चं कोडं हे मशीन कसं सोडवतं?

समजा आपण तीन वाटा आखल्या आणि त्यांना किमती दिल्या.

- ‘सातबारा’ : किंमत १
- ‘सात डिसेंबर’ : किंमत २
- ‘सात छेद बारा’ : किंमत ४

आजूबाजूला काहीच संदर्भ नसेल, तर मशीन ‘सातबारा’ म्हणेल. महाराष्ट्रात हे बहुतेक वेळा बरोबरच ठरेल.

आता पुढच्या शब्दाच्या किमती जोडा. पुढे ‘रोजी’ आला तर ‘सातबारा’च्या वाटेवर आणखी ६ द्यावे लागतील, तारखेच्या वाटेवर शून्य आणि अपूर्णांकाच्या वाटेवर ६. मग ‘७/१२ रोजी’साठी हिशेब असा होतो: सातबारा ७, सात डिसेंबर २, सात छेद बारा १०. तारीख जिंकते.

पुढे ‘उतारा’ हा शब्द आला, तर ‘सातबारा’च्या वाटेवर शून्य आणि बाकी दोन्हींवर ५ लावा. मग सातबारा १ वर राहतो, तारीख ७ वर जाते आणि अपूर्णांक ९ वर. सातबारा जिंकतो.

हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात किमती तज्ज्ञ ठरवतात किंवा खऱ्या मजकुरातून मोजून काढतात. मुद्दा हा की निर्णय कसा झाला, ते कागदावर मांडून दाखवता येतं. चूक झाली, तर कोणत्या रस्त्याची किंमत चुकली ते शोधता येतं आणि तेवढीच दुरुस्त करता येते.

ही सॉफ्टवेअर कुणी बनवली?

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत मेहरयार मोहरी, फर्नांडो परेरा आणि मायकेल रायली हे संशोधक बोललेलं ओळखणाऱ्या यंत्रणेवर काम करत होते. आवाज, उच्चार, शब्द आणि वाक्य या प्रत्येक पातळीसाठी तेव्हा वेगवेगळ्या पद्धती वापरल्या जात. या तिघांनी हे सगळं एकाच प्रकारच्या मशीनमध्ये मांडता येतं, हे दाखवून दिलं. त्यांनी त्यासाठी एक सॉफ्टवेअर संचही तयार केला.

२००७ मध्ये त्याची पुढची आणि पूर्णपणे खुली आवृत्ती म्हणता येईल असं ‘ओपनएफएसटी’ आलं. गुगल रिसर्च आणि न्यूयॉर्क विद्यापीठाची कुराँ संस्था यांच्या संशोधकांनी ते बनवलं. सिरिल अलौझेन, मायकेल रायली आणि मेहरयार मोहरी हे त्यांतले प्रमुख. अपाचे परवान्याखाली ते कुणालाही फुकट वापरता येतं, बदलता येतं आणि व्यावसायिक कामातही लावता येतं.

ओपनएफएसटीची मुख्य कामं अशी:

जोडणी. एका मशीनमधून जे बाहेर पडतं ते दुसऱ्या मशीनमध्ये घालायचं आणि दोघांचं मिळून एकच मशीन करायचं. अक्षरं ते आकडा असं एक आणि आकडा ते मराठी शब्द असं दुसरं, ही दोन जोडली की मधला टप्पा निघून जातो.

छाटणी. एकाच सुरुवातीच्या अनेक वाटा असतील तर त्या एकत्र करायच्या आणि सारखे थांबे एकात मिसळायचे. यामुळे नकाशा लहान होतो आणि मशीन वेगाने चालतं.

सगळ्यात स्वस्त वाट शोधणं. वर ‘७/१२’साठी केलं तेच, पण लाखो रस्त्यांच्या नकाशावर.

उलटवणं. ‘१५०’ घेऊन ‘दीडशे’ देणारं मशीन उलटवलं, की ‘दीडशे’ घेऊन ‘१५०’ देणारं मशीन मिळतं. म्हणजे वाचायचं व्याकरण एकदा नीट लिहिलं, की ऐकून लिहिण्याच्या कामातही त्याचा मोठा भाग वापरता येतो.

ओपनएफएसटी सी-प्लस-प्लस या भाषेत आहे, त्यामुळे भाषा जाणणाऱ्या पण प्रोग्रामिंग कमी येणाऱ्यांना ते जड जातं. २०१६ मध्ये काइल गॉर्मन यांनी त्यावर ‘पायनिनी’ नावाचं सॉफ्टवेअर आणलं. ते पायथन या तुलनेने सोप्या भाषेत वापरता येतं. नावात पायथनही आहे आणि अष्टाध्यायी रचणारे पाणिनीही. नियमांच्या साखळीने भाषा मांडणाऱ्या प्राचीन व्याकरणकाराचं नाव अशा सॉफ्टवेअरला मिळणं साहजिकच आहे.

आपण हे कुठे वापरतो?

बहुधा आज सकाळीच वापरलं असेल.

फोनवर इंग्रजी अक्षरांत ‘mi ghari aahe’ टाइप केलं की ‘मी घरी आहे’ असं दिसतं. कुणी ‘aahe’ लिहितं, कुणी ‘ahe’, कुणी ‘ahey’. शिवाय घाईत बोट शेजारच्या अक्षरावरही पडतं. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी त्यांच्या मोबाइल कीबोर्डमागे अशीच वेटेड मशीन असल्याचं शोधनिबंधांतून सांगितलं. प्रत्येक शक्य अक्षराला किंमत, प्रत्येक शक्य शब्दाला किंमत, आणि सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे तुमचा शब्द. त्याच वर्षी या कीबोर्डमध्ये २२ भारतीय भाषांची सोय आली. पुढे २०२० मध्ये ‘दक्षिणा’ नावाचा १२ दक्षिण आशियाई भाषांचा माहितीसाठा खुला झाला. त्यात मराठी शब्द लोक रोमन लिपीत कसे लिहितात, याचे नमुनेही आहेत.

दुसरं क्षेत्र बोललेलं ओळखण्याचं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका कार्यशाळेतून ‘काल्डी’ हा खुला संच आकाराला आला. कॉफीचा शोध लावणारा म्हणून दंतकथेत येणारा इथिओपियाचा गुराखी काल्डी, त्याचं हे नाव. हा संच ओपनएफएसटीवर उभा होता आणि जगभरच्या विद्यापीठांनी, कंपन्यांनी तो वापरला.

यात चार नकाशे एकमेकांत गुंफलेले असतात: ध्वनीचे तुकडे, शेजारच्या ध्वनीचा परिणाम, शब्दांचे उच्चार आणि शब्दांचा क्रम. मराठीत ‘जग’ हा एकच लिखित शब्द ‘जगात’मध्ये एका ‘ज’ने उच्चारला जातो आणि ‘जगायला’मध्ये दुसऱ्या. उच्चारांच्या नकाशात अशा दोन्ही वाटा ठेवाव्या लागतात. कोणता अर्थ घ्यायचा, ते शब्दांच्या क्रमाचा नकाशा ठरवतो.

मराठी आकडे इतके अवघड का?

इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे शब्द आले की शंभरपर्यंतचं काम होतं. मराठीत एक ते शंभर जवळपास प्रत्येक आकड्याचा स्वतंत्र शब्द पाठ करावा लागतो. ‘एकोण’चा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णववर येऊन मोडतो.

हा प्रश्न लहान मुलांच्या बाबतीत २०१९ मध्ये चांगलाच गाजला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’सोबत ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली आणि वाद थेट विधानसभेत पोहोचला. मुलांना संख्यावाचन सोपं जावं, हा त्यामागचा हेतू असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं होतं. जी अडचण दुसरीतल्या मुलाची, तीच मशीनची.

त्यावर पाऊण-सव्वा-दीडचा थर आहे. ३.५ म्हणजे साडेतीन, ४.५ म्हणजे साडेचार. मग १.५ म्हणजे ‘साडेएक’ का नाही? कारण तिथे ‘दीड’ आहे. २.५ला ‘अडीच’ आहे. ‘साडे’चा नियम तीनपासून सुरू होतो. हीच माणसं पुढे शेकड्यात, हजारात आणि लाखात जातात: दीडशे, अडीच हजार, पावणेदोन लाख. १,२५० ही एकच रक्कम कुणी ‘एक हजार दोनशे पन्नास’ म्हणतं, कुणी ‘साडेबाराशे’ आणि कुणी ‘सव्वा हजार’. ऐकताना तिन्ही ओळखायला हवेत. बोलताना एकच निवडायला हवा. किमती लावण्याची सोय इथेच कामाला येते.

वर्षाचं गणित आणखी वेगळं. १९५० हे साल असेल तर ‘एकोणीसशे पन्नास’, किराणा दुकानाचं बिल असेल तर बहुधा ‘एक हजार नऊशे पन्नास’. ‘वीस पंचवीस हजार’ म्हणजे अंदाज, २०,२५,००० नव्हे.

मग येतात लिहिण्याच्या खुबी. ‘५ वा’ म्हणजे पाचवा, पण ‘५ वा.’ म्हणजे पाच वाजता. एका टिंबाचा फरक. ‘₹५०० चा’ असं लिहिलं तर चिन्ह आधी येतं, पण बोलताना ‘पाचशे रुपयांचा’ असं शेवटी जातं आणि ‘रुपये’चं ‘रुपयां’ होतं. ‘₹१ चा’ असेल तर ‘एक रुपयाचा’.

अडचण अक्षरांच्या पातळीवरही आहे. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव यांत येणारा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय हा ‘ऱ’ आणि रफार यांची गल्लतही चालत नाही. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्याला’ बोलावलं तर स्वयंपाक होईल, ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन. गुगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेला ‘निसबा’ हा खुला संच ब्राह्मी कुळातल्या लिप्यांचा असा मजकूर एकसारखा करण्यासाठी आहे, आणि तोही याच मशीनवर चालतो.

एआय हे सगळं आपोआप शिकणार नाही का?

बरंचसं शिकतं, आणि ते मान्य करायला हवं. बोललेलं ओळखण्याच्या क्षेत्रात गेल्या दहा वर्षांत न्यूरल नेटवर्कने काल्डीसारख्या चार नकाशांच्या रचनेला मोठ्या प्रमाणावर मागे टाकलं. २०२२ मध्ये आलेलं ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ आवाजातून थेट मजकूर देतं. मध्ये उच्चारकोश किंवा नकाशा नसतो.

पण दोन अडचणी उरतात.

पहिली अडचण माहितीच्या तुटवड्याची. व्हिस्परला शिकवायला ६,८०,००० तासांचं ध्वनिमुद्रण वापरलं गेलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश तास इंग्रजीचे होते. इतर ९६ भाषांमधलं बोलणं लिहून काढण्यासाठी मिळून १,१७,००० तास वाट्याला आले. मराठी त्या ९६ मधली एक.

दुसरी अडचण चुकीच्या स्वरूपाची. २०१६ मध्ये गुगलच्या रिचर्ड स्प्रोट आणि नवदीप जेटली यांनी लिहिलेला मजकूर बोलीत बदलण्याचं काम न्यूरल नेटवर्कला देऊन पाहिलं. शिकवायला इंग्रजीचे एक अब्जाहून अधिक शब्द होते, रशियनचेही कोट्यवधी. एकूण निकाल उत्तम आला. पण मधूनच नेटवर्क भलताच आकडा किंवा भलतंच एकक बोलून मोकळं व्हायचं, आणि तेही अगदी सहज, अस्खलितपणे. अशा चुका संख्येने थोड्या असल्या तरी उत्पादनात चालणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यावर त्यांनी उपाय केला तो जुन्या मशीनचा. एक साधं फायनाइट-स्टेट मशीन चाळणीसारखं लावलं. एखाद्या आकड्याची कोणकोणती वाचनं शक्य आहेत, एवढंच ते सांगायचं. त्यांतलं योग्य कोणतं, ते संदर्भ पाहून नेटवर्क निवडायचं. यादीबाहेरचं उत्तर देण्याची मुभा मात्र नेटवर्कला नव्हती. एकट्या नेटवर्कला न गाठता आलेली अचूकता या जोडीने गाठली.

हीच युक्ती आज मोठ्या भाषा मॉडेलमध्ये दुसऱ्या रूपात दिसते. चॅटबॉटकडून ठरावीक साच्यातलं उत्तर हवं असतं, उदाहरणार्थ फक्त तारीख किंवा फक्त रक्कम, तेव्हा ‘आउटलाइन्स’सारखी खुली साधनं त्या साच्याचं फायनाइट-स्टेट मशीन बनवतात. मॉडेल प्रत्येक शब्द निवडताना त्या नकाशावर जिथे रस्ता आहे तिथेच जाऊ शकतं.

थोडक्यात, एआयने हे तंत्र हटवलं असं म्हणता येत नाही. त्याची जागा बदलली. आधी ते गाडी चालवत होतं, आता ते अनेक ठिकाणी रस्त्याच्या कडेचा कठडा आहे.

या तंत्राच्या मर्यादा काय?

नियम माणसाला लिहावे लागतात, आणि भाषा माणसाच्या यादीत कधीच पूर्ण मावत नाही. आज लिहिलेल्या व्याकरणात उद्याचं नवं संक्षिप्त रूप नसेल. अनेक नकाशे एकमेकांत जोडले की थांब्यांची संख्या झपाट्याने फुगते आणि मशीनला भरपूर मेमरी लागते. दूरचा संदर्भ पाहणं हेही त्याचं बलस्थान नाही. ‘७/१२’चा अर्थ चार वाक्यं आधीच्या मजकुरावर अवलंबून असेल, तर तिथे न्यूरल नेटवर्कच सरस ठरतं.

आणखी एक प्रश्न प्रमाण कुणाचं, हा आहे. आकड्यांचे उच्चार नागपूर, जळगाव आणि कोल्हापूरमध्ये अगदी सारखे नसतात. बोलताना मशीन एक रूप निवडेल हे समजण्यासारखं आहे. पण ऐकताना त्याने सगळी रूपं स्वीकारली नाहीत, तर काही लोकांचे आकडे ‘चुकीचे’ ठरतील.

मग मराठीने काय करायला हवं?

भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाची चर्चा बहुतेक वेळा एका मोजमापावर चालते: किती तास आवाज जमा झाला, किती वाक्यं जमली. भाषिणीच्या ‘भाषादान’मध्ये नागरिक आपला आवाज आणि मजकूर देऊ शकतात. हे आवश्यक आहेच.

पण आकड्यांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तो मर्यादित आहे. शून्य ते नव्व्याण्णव हे शंभर शब्द, शंभर-शे-हजार-लाख-कोटीचे नियम, पाव-साडेचे मोजके अपवाद, वेळ, तारीख, चलन आणि विभक्ती. एवढं नीट लिहिलं, की कोटींपर्यंतचा प्रत्येक आकडा तपासून पाहता येतो. हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणातूनही अशी खात्री मिळत नाही, कारण त्या मुद्रणात ‘पावणेआठ लाख’ एकदाही आला नसेल.

काइल गॉर्मन आणि रिचर्ड स्प्रोट यांनी २०१६ मध्ये याच दिशेने एक प्रयोग केला. इंग्रजी, जॉर्जियन, ख्मेर आणि रशियन या भाषांचं आकड्यांचं व्याकरण त्यांनी सुमारे ३०० उदाहरणांतून मशीनला शिकायला लावलं. मात्र आकडेमोडीचे मूलभूत नियम आधीच मशीनच्या रूपात पुरवलेले होते. थोड्या माहितीच्या भाषेसाठी हा महत्त्वाचा धडा आहे.

हिंदीचं व्याकरण उचलून इथे लावता येणार नाही. हिंदीत ६९ ‘उनहत्तर’, मराठीत ‘एकोणसत्तर’. हिंदीत रुपयाला लागणारा प्रत्यय सुटा राहतो, मराठीत तो शब्दालाच चिकटून त्याचं रूप बदलतो. म्हणजे हे काम मराठी जाणणाऱ्यांनीच करायला हवं. साधनं फुकट आहेत. एखादा भाषेचा अभ्यासक आणि एखादा पायथन येणारा विद्यार्थी एकत्र बसले, तर पहिला मसुदा उभा राहू शकतो.

खरा प्रश्न तो मसुदा कुणाकडे राहणार, हा आहे. प्रत्येक बँक, प्रत्येक ॲप आणि प्रत्येक कंपनीने स्वतःपुरतं बंद दाराआड मराठी आकड्यांचं व्याकरण लिहिलं, तर प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतील आणि बाहेरच्या कुणाला त्या तपासता येणार नाहीत. तेच व्याकरण खुलं असेल, तर नियम वाचून ‘इथे चूक आहे’ असं एखादा शिक्षकही सांगू शकेल.

तुमचा फोन कुठे आहे, हे कसं पाहायचं?

एक साधी चाचणी घरीच करता येते. फोनच्या मराठी वाचन सुविधेला हे पाच नमुने वाचायला द्या: ‘₹१ चा’, ‘सायं. ५ वा.’, ‘५ वा मजला’, ‘७/१२ उतारा’ आणि ‘७/१२ रोजी’. मग बोलून लिहिण्याच्या सुविधेत ‘पावणेदोन लाख’, ‘साडेबाराशे’ आणि ‘वीस पंचवीस हजार’ म्हणून पाहा, काय उमटतं ते.

घरातल्या ज्येष्ठांना बोलून पैसे पाठवण्याची सोय लावून देण्याआधी ही चाचणी जरूर करा. आणि तोवर रक्कम सांगताना ‘दीडशे’ऐवजी ‘एकशे पन्नास’ म्हणणं आणि पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचा आकडा कुणाकडून तरी वाचून घेणं, हेच जास्त सुरक्षित आहे.